पहिली विजेची बाइक नंदाखालला द्या

पोलिसांच्या गस्तीसाठी विजेच्या मोटारसायकली घ्यायच्या असतील, तर पहिल्या चार-सहा वसईतल्या नंदाखालच्या पट्ट्यात पाठवा. जून 2020 मध्ये मुंबई पोलिसांना विजेवर चालणारी, उभ्याने चालवायची वाहने मिळाली, तीही वरळी सी फेसवर. तिथला पदपथ रुंद आणि सपाट, रात्रभर दिव्यांनी उजळलेला. तिथे गस्त घालणे मुळातच सोपे.

अवघड आहे ते इथे. बोळींज मागे पडले की केळीच्या वाड्या, विहिरी, बावखले म्हणजे लहान तळी सुरू होतात. एका आळीतून दुसऱ्या आळीत जाणारा रस्ता दोन्ही बाजूंच्या कुंपणांमध्ये इतका आवळलेला, की समोरून टेम्पो आला तर एकाने मागे जायचे. पोलिसांची जीप मुख्य रस्त्यावर थांबते. आत शिरू शकते ती दुचाकी, आणि पेट्रोलच्या दुचाकीची वर्दी ती पोहोचण्याआधीच वाडीच्या पलीकडे गेलेली असते. विहिरीवरचा पंप चोरायला आलेला माणूस ती ऐकतो. गाडीवरच्या शिपायाला मात्र इंजिनाच्या धडधडीत काहीच ऐकू येत नाही. कुत्र्याचे भुंकणे नाही, कुणाची हाक नाही.

विजेची गाडी हा हिशेब उलटवते. कॅलिफोर्नियातल्या झिरो कंपनीने पोलिसांसाठी खास मोटारसायकली काढल्या, तेव्हा गुपचूप जवळ पोहोचता येणे हा त्यांचा मोठा गुण मानला गेला.

गाडीच्या आवाजाने लोकांना धीर येतो, असे काहीजण म्हणतात. धीर माणूस दिसल्याने येतो. हवा तेव्हा सायरन आहे, लाल-निळा दिवा आहे. खरी काळजी वेगळी आहे. पहाटे अंधारातच मिस्साला चर्चकडे निघालेल्या म्हाताऱ्या बायांना मागून आलेली बिनआवाजाची गाडी कळणार नाही. म्हणून हळू चालताना बारीक आवाज करणारे यंत्र गाडीत हवेच, आणि ते बंद-चालू करण्याचे बटण शिपायाच्या हाताशी हवे.

पैशांचे गणित सरळ आहे. लिटरला पन्नास किलोमीटर देणारी पेट्रोलची गाडी किलोमीटरला दोन रुपयांहून जास्त खाते. विजेच्या मोटारसायकलला शंभर किलोमीटरला साधारण तीन-चार युनिट पुरतात. दहा रुपये युनिट धरले तरी किलोमीटरला चाळीस पैशांच्या आत. शिवाय गस्त म्हणजे चालणे कमी, थांबणे जास्त. नाक्यावर उभी विजेची गाडी मोटरसाठी काही खात नाही. जानेवारी 2022 पासून नवी सरकारी वाहने विजेवरचीच घ्यायची, असे धोरण राज्याने जाहीर केले होते. मग ते सचिवांच्या मोटारीपाशी का थांबावे?

मात्र नुसती गाडी देऊन हात झटकू नका. जुलै 2018 च्या पुरात वसई-विरारचा मोठा भाग पाण्याखाली आणि अंधारात होता. महावितरणची वीज इथे पावसाळ्यात कधी जाईल याचा नेम नसतो, आणि पोलीस नेमके तेव्हाच लागतात. म्हणून बॅटरी काढून बदलता येणारी हवी आणि प्रत्येक गाडीमागे एक जादा हवी. पोलीस ठाण्याच्या छपरावर सौरपॅनेल आणि वीज साठवण्याची सोय हवी. बॅटरी थकल्यावर नवी घेण्याची तरतूद आजच्याच अंदाजपत्रकात हवी, नाहीतर चांगल्या गाड्या ठाण्यामागे गवतात उभ्या राहतील.

वसईची हिरवाई वाचवायला हरित वसईचा लढा उभारणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालचेच. इथल्या लोकांना स्वच्छ हवेचे महत्त्व पटवून द्यावे लागणार नाही. शनिवार-रविवारी अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्याकडे सायलेन्सर बदललेल्या गाड्या फटफटत जातात तेव्हा घरात आजारी माणूस असलेल्यांना काय होते, हेही त्यांना ठाऊक आहे. त्या आवाजाला अडवणारा पोलीस तरी बिनआवाजाच्या गाडीवर असू दे.

एक अट निविदेतच घाला. गाडीची चाचणी जानेवारीत, मंत्र्यांसमोर, मोकळ्या मैदानात घेऊ नका. जुलैत घ्या, रात्री घ्या. गाडीवर दोन शिपाई, हेल्मेट, रेनकोट, वायरलेस, काठ्या असा सगळा भार असू दे. बोळींजहून नंदाखालच्या आळ्यांतून आगाशी, तिथून अर्नाळा आणि परत. पहाटेपर्यंत हीच फेरी. चालवायला कंपनीचा माणूस नको, इथेच रात्रपाळी करणारा शिपाई हवा, आणि गाडी पास की नापास हे त्यालाच लिहू द्या.