युरेनियम आणि धुणं

"काकू, आलात होय लेकीकडून! काय काय पाहिलंत अमेरिकेत?"

"अगं, युटाच्या वाळवंटात मोआब म्हणून गाव आहे, जावयाने हौसेने नेलं. नदीकाठ सोडला तर नुसता लाल कातळ. टेकडीवर एक बंगला दाखवला, चार्ली स्टीनचा. हा 1952 पर्यंत पुरता कफल्लक! सिस्कोला डांबरी कागदाच्या खोपटात बायको आणि चार पोरं. शिकलेला भूगर्भवाला, पण किरणोत्सर्ग मोजायचा गायगर काउंटर घ्यायला पैसे नाहीत. ड्रिलिंगला पैसे दिले आईने."

"आईच देणार, दुसरं कोण!"

"दोनशेक फुटांवर ड्रिल तुटलं. वर आलेला दगड काळा, आणि हा शोधत होता युरेनियमचं पिवळं खनिज! सिस्कोला परत आल्यावर तो दगड पेट्रोलपंपवाल्याच्या गायगर काउंटरजवळ धरला, तर काटा टोकाला! घराकडे असा सुटला म्हणे, की वाळत घातलेल्या दुपट्यांसकट दोरीच पाडली."

"आणि बायको काय म्हणाली?"

"ते कोण लिहून ठेवतंय! मग बंगला, पोहायचा तलाव, अख्ख्या गावाला पार्ट्या. गावात टीव्ही नीट दिसेना, तर विमानात बसून वर घिरट्या घालत बघायचा म्हणतात."

"अगंबाई! पैसा चढला डोक्यात."

"त्याचं बघून लोक लोटले. 1950 ला बाराशेंची वस्ती, 1960 ला साडेचार हजारांवर. तंबूत राहायचे, ट्रेलरमध्ये राहायचे. गिऱ्हाईक एकच, सरकार. बाँबसाठी."

"आणि हा चार्ली?"

"1968 ला दिवाळं! पण त्याचं मला काही वाटलं नाही बघ, वाटलं ते खाणकामगारांच्या बायकांचं. दक्षिणेला नवाहो या तिथल्या आदिवासी लोकांच्या मुलखात युरेनियमच्या खाणी होत्या. आत हवा खेळती नाही, रेडॉन वायू छातीत जायचा, तहान लागली की खाणीतलंच पाणी. धुळीने माखलेले कपडे घरी यायचे, आणि बायका ते पोरांच्या कपड्यांबरोबर धुवायच्या."

"शी! कोणी सांगितलं नाही त्यांना?"

"सरकारी डॉक्टर 1950 पासून खाणकामगारांना तपासत होते, पण कॅन्सरचा धोका काही सांगितला नाही. भरपाईचा कायदा झाला 1990 ला. तोवर किती जणी विधवा झाल्या असतील!"

"मेले!"

"मोआबच्या युरेनियम कारखान्याचा गाळ तर नदीकाठीच ओतला होता, दीड कोटी टनांवर. 2009 ला तो रेल्वेने उचलून लांब न्यायला सुरुवात झाली, सरकारी खर्चाने."

"म्हणजे तुमच्या जावयाच्या टॅक्समधून!"

"तेच तर तो बंगल्याचे फोटो काढता काढता सांगत होता."