पात्राच्या नावावर

आपल्याकडे मोठ्या विषयांवर बोलायची सोय नाही. घरात मरणाचं नाव काढलं की ‘शुभ बोल नाऱ्या’ ठरलेलं. संसार नीट चाललाय का, असं कुणी कुणाला विचारत नाही. ‘आता पुरे का?’ हा प्रश्न पंगतीत वाढप्याने विचारायचा, इतरांनी नाही. बाकी बोलायला पाऊस, गुडघे आणि मुलांची पॅकेजं पुरतात.

रायगड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी मात्र महिन्यातून एका शनिवारी हे सगळे विषय निघतात. जागा वाचनालयाच्या मागची खोली. वाचनालय ब वर्गाचं. म्हणजे सरकारी उतरंडीत क आणि ड यांच्याकडे जरा वरून बघण्याइतकं, पण अ समोर आलं की नमस्कार करणारं. पुस्तकावर चर्चा करायची, आणि लेखक हयात किंवा नुकता गेलेला हवा, एवढीच अट. ती ग्रंथपाल बाईंनी घातली. नाहीतर दर महिन्याला ‘मृत्युंजय’च झालं असतं.

येणारी मंडळी ठरलेली. मराठीचे निवृत्त प्राध्यापक, ज्यांना आशयसूत्र सापडल्याशिवाय चहा गोड लागत नाही. बँकेतून निवृत्त झालेले नाना. श्याम मनोहरांची ‘उत्सुकतेने मी झोपलो’ घरी नेल्यावर त्यांनी शीर्षक तंतोतंत पाळलं होतं. दोनतीन काकू, एक जोडपं, वीज मंडळातले एक साहेब, खुर्च्या मांडणारे मामा आणि पुण्याच्या नोकरीची वाट बघणारी एक मुलगी. आणि मी.

नेमाड्यांची ‘हिंदू’ 2010 साली आली. आमच्याकडे ती चर्चेला येईपर्यंत नेमाड्यांना ज्ञानपीठही मिळून गेलं होतं. सहाशेच्या वर पानं, नायक खंडेराव. सरांनी सिंधू संस्कृतीपासून देशीवादापर्यंत सगळा आराखडा मांडला आणि सगळ्यांनी तो आदराने ऐकून घेतला. मग एक काकू म्हणाल्या, “ते असू दे हो सर. बाप आजारी असल्याचं कळल्यावर खंडेराव मोहेंजोदडोहून निघाला तरी. आमचा न्यू जर्सीत आहे.”

सिंधू संस्कृती तिथेच संपली. विमानाला किती तास लागतात, व्हिसाचा घोळ असेल तर किती दिवस, तोवर ठेवायचं कुठे, तालुक्याच्या दवाखान्यात तशी पेटी आहे का, अग्नी पुतण्याने दिला तर चालेल का. आणि हे सगळं खंडेरावाच्या नावावर चाललेलं! “समजा, खंडेरावाला पोचायला जमलंच नसतं तर,” असं म्हणून एका काकूंनी स्वतःचे दिवस कसे करावेत तेही सांगून टाकलं. गोडाचं एकच, आणि श्रीखंड विकतचं नको. पुढे उपशीर्षकातली ती समृद्ध अडगळ निघाली. सुनेला नको असलेली तांब्या-पितळेची भांडी, माळ्यावरचा बंब, सासूबाईंचा पाट. त्यातला बंब सध्या वाचनालयात आहे. दप्तरी त्याची नोंद कोणत्या सदरात करावी, हे बाईंना अजून सुचलेलं नाही.

मिलिंद बोकिलांच्या ‘समुद्र’ची बैठक लवकर आटोपली. कादंबरीत नवरा-बायको समुद्रकाठी सुट्टीला जातात आणि त्याला ठाऊक नसलेली तिच्या आयुष्यातली एक गोष्ट बोलण्यात निघते. आमच्यातल्या जोडप्यातले काका म्हणाले, “त्याने इतकं खोदून विचारायलाच नको होतं.” काकू पलीकडच्या बाकावरून म्हणाल्या, “तिने सांगितलं म्हणून त्याला कळलं तरी.” यानंतर कुणीच काही बोलेना. तेव्हा सरांनी घाईघाईने समुद्र हे एक प्रतीक असल्याचं सांगितलं. समीक्षेचा इतका तातडीचा उपयोग मी पूर्वी पाहिला नव्हता.

या बैठकांना चर्चासत्र म्हणता येणार नाही, हे मला मान्य आहे. चर्चासत्रंही मी ऐकली आहेत. तिथे कादंबरीबद्दल अशा रीतीने बोलतात की ती माणसांविषयी असावी असा संशयही येऊ नये. आमच्याकडे उलटं होतं. पात्र बिचारं जामीनदार असतं. सही त्याची, कर्ज आमचं.

नंदा खऱ्यांच्या ‘उद्या’ला 2020 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो घेतला नाही. समाजाने आपल्याला भरपूर दिलंय, आता घेत राहणं बरं नव्हे, अशा अर्थाचं कारण त्यांनी दिलं. कादंबरीत पाळतीवर चालणारं उद्याचं जग आहे, त्यावर बोलायचं ठरलं होतं. पण नाना त्या नकारापाशीच अडून बसले. पुरस्काराची रक्कम एक लाख. ज्येष्ठ नागरिकांच्या दराने मुदत ठेवीत टाकली असती तर व्याज किती, हे त्यांनी कागदाशिवाय सांगितलं. “मग तुम्हाला किती पुरेल, नाना?” मुलीने विचारलं. नाना मोजू लागले. औषधं, वीजबिल, घरपट्टी, वर्षातून एक यात्रा. मोजता मोजता मध्येच थांबले. आकडा त्यांनी बहुधा केव्हाच ओलांडला होता. नंतर सगळ्यांचा चहा त्यांनी सांगितला. याला साहित्याचा परिणाम म्हणावं का, यावर सरांचं आणि माझं एकमत नाही.

पण ‘रिंगाण’चा शनिवार वेगळा गेला. कृष्णात खोतांची ही कादंबरी, 2023 सालच्या साहित्य अकादमी पुरस्काराची. धरणासाठी गाव उठतं, एक म्हैस मागेच राहते आणि तिला आणायला माणूस परत जातो. सर विस्थापन आणि निसर्गावर बोलत होते. खुर्च्या मांडून झाल्यावर एरवी दाराशी उभे राहणारे मामा त्या दिवशी बसले. आमच्या जिल्ह्यात कोयना धरणातून उठवलेल्या गावांच्या वसाहती आहेत. मामा त्यातल्याच एका वसाहतीतले, हे आम्हाला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि विचारणं यांत आपल्याकडे बरंच अंतर असतं.

“म्हैस बरोबर वागली,” मामा म्हणाले. “माणसाला नोटीस वाचता येते, म्हणून तो उठतो. म्हशीला कुठे वाचता येतंय?”

कुणीतरी हसलं. मग मामाच सांगत गेले. इकडे आले तेव्हा ते पोर होते. जुन्या घराचं दार उगवतीला, नव्या घराचं मावळतीला. आजी कित्येक दिवस पहाटे उठून अंधारात सवयीने चालायची आणि भिंतीला थडकायची. शेवटी वडिलांनी तिथे खिडकी पाडली. आजी तरीही तिकडेच जायची. खिडकीपाशी उभी राहून म्हणायची, दार लहान केलंत रे.

वीज मंडळाच्या साहेबांना राहवलं नाही. “पण मामा, त्या विजेवर महाराष्ट्र उभा राहिला.”

“राहिला की. खोटं कुठे म्हणतोय साहेब? आमच्या वसाहतीत दिवा तेवढा उशिरा आला.”

साहेबांनी मान हलवली. आयुष्यभर त्यांनी त्याच विजेची बिलं तपासली होती, त्यामुळे त्यांना वाईट वाटायचा हक्क नसावा असं काही नाही. पुण्याला जायला अधीर झालेल्या मुलीने विचारलं, “मामा, आजीला परत जावंसं वाटायचं?” मामा म्हणाले, “पुस्तकातल्या म्हशीला विचार.” त्या दिवशी सरांनी आशयसूत्र काढलं नाही, तरी चहा मात्र घेतला.

अशा बैठकीचं इतिवृत्त बाई ठेवतात. तपासणीला सरकारी अधिकारी आले की दाखवावं लागतं. ‘रिंगाण’पुढे त्यांनी लिहिलं आहे : चर्चा समाधानकारक, विषयाला धरून.

पुढच्या महिन्यासाठी मुलीने अवधूत डोंगऱ्यांची ‘स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट’ सुचवली. नावावरूनच काकूंनी नाकं मुरडली. सर म्हणाले, नव्या पिढीची परात्मता वगैरे असेल. नाना एवढंच म्हणाले, “निवृत्तीनंतरचं आहे का हो त्यात?” नाही म्हटल्यावरही त्यांनी हात वर केला. वाचनालयात प्रत एकच, ती त्यांनी त्याच संध्याकाळी नेली. मुदत उलटली तर दिवसाला रुपया दंड असतो. एकेक पैसा धरून ठेवणाऱ्या नानांनी या वेळी तो आगाऊ भरून ठेवलाय.