हरमुखाच्या दरबारी

गंगबल सरोवर एका दिवसात पाहून परत येता येते, ही ग्वाही काश्मिरातील नारानाग गावच्या ज्या घोडेवाल्याने दिली, तो स्वतः जन्मभर तिकडे घोड्यावर बसूनच जात आला होता, हा तपशील आम्हा उभयतांस भल्या पहाटे, सूचिपर्णी वृक्षांच्या अरण्यात अर्धा चढ चढून गेल्यावर कळला. नारानाग सुमारे २,१०० मीटरांवर, गंगबल ३,५०० च्याही वर. ह्या बाकीचा मोठा हप्ता ती वाट पहिल्या अरण्यातच, एखाद्या करड्या मामलेदाराप्रमाणे, सूट-तहकुबीचा अर्ज न ऐकता वसूल करते.

आमच्या सौभाग्यवती पुढे आणि मी मागे, हा क्रम आपोआप कायम झाला. वळणावर थांबून त्यांनी "अहो, दमलात का?" असे विचारले, की मी इतिहासाचा आधार घेई. १८५६ साली मॉन्टगोमरी नामक मोजणी अधिकाऱ्याने ज्याच्या पायथ्याशी गंगबल आहे, त्याच हरमुख पर्वतावर आपली यंत्रे मांडली आणि दूर काराकोरममधील दोन शिखरे के-१ व के-२ म्हणून दप्तरी दाखल केली, हे मी सविस्तर, म्हणजे श्वास पूर्ववत होईपर्यंत, सांगितले.

"आणि त्याचे सामान कोण वाहात होते?" एवढेच विचारून त्यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.

माथ्यावरील कुरणात एका गुज्जर म्हातारीने मातीच्या छपराच्या कोठ्यात आम्हांस मिठाचा गुलाबी चहा पाजला. सरोवर किती दूर, ह्यावर "बस, सामने" असे उत्तर मिळाले. पुढे दोन तासांनी भेटलेल्या मेंढपाळानेही शब्दाचा फरक न करता तीच जबानी दिली. हरमुख चढण्यासाठी बारा वर्षे झटून हरलेल्या साधूला, हरवलेली शेळी शोधीत सहज शिखरावर जाऊन आलेला गुज्जर भेटला, अशी इकडे आख्यायिका आहे. त्या साधूविषयी मला तत्काळ आप्तभाव वाटला.

गंगबलखालच्या नुंदकोल सरोवराच्या अलीकडचा ओढा आम्ही जोडे गळ्यात अडकवून ओलांडला. पाणी इतके गार की पलीकडे गेल्यावर पावले आपलीच आहेत, ह्याची डोळ्यांनी खातरजमा करावी लागली. नुंदकोलवर थेट हिमनदीची छाया, आणि थोडे वर गंगबल, निळे, विस्तीर्ण, आमच्या आगमनाची यत्किंचितही दखल न घेणारे. तेथे लसणाच्या चटणीशी भाकरी खाताना सौभाग्यवती प्रथमच खाली बसल्या आणि मी प्रथमच गप्प राहिलो.

परतीच्या उताराने गुडघ्यांचा जो समाचार घेतला, त्याचे वर्णन सभ्य गद्यात होणार नाही. वाचकांस विनंती एवढीच, की सरोवरे अवश्य पाहावीत, परंतु वर तंबूत एक रात्र काढावी, आणि अंतर घोडेवाल्याला विचारू नये, घोड्याला विचारावे.