गल्ल्यावर काका, उकडीला काकू

कोकणात बुरोंडीच्या किनाऱ्यावर होड्या लागल्या की टोपली पुढे घेऊन बसलेली मासळीवाली भाव सांगते, सुटे मोजते आणि फार घासाघीस करणाऱ्याला शब्दांनीच सोलून काढते. तिच्या हिशेबावर शंका घ्यायची कोणाची छाती होत नाही. पण याच कोकणात आवडत्या, जुन्या मिठाईच्या दुकानात शिरलं की सृष्टीचा क्रम बदलतो. गल्ल्यावर काका, तराजूवर पुतण्या, भिंतीवर हार घातलेले आजोबा. आणि काकू? आत, उकड मळतायत.

पाटीवर ‘घरगुती चव’ असं ठळक लिहिलेलं असतं; ती चव घरातल्या कोणाच्या हातची, हे लिहायला जागा उरत नाही. विचारलंच, तर उत्तर तयार: ‘हिशेबाची कटकट बायकांना कशाला?’ नारळ खवणं, आंब्याचा रस आटवणं, ऐन गणपतीत पहाटेपासून मोदक वळणं, ही कटकट नव्हे. ती हौस.

1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि ‘लिज्जत’ उभं राहिलं. धंद्याचा कारभारही बायकांनीच सांभाळला. त्यामुळे पापड मऊ पडल्याचं ऐकिवात नाही.

दुकान बंद व्हावं असं आमचं मुळीच म्हणणं नाही. बर्फीवर आमचाही जीव आहे. फक्त येत्या चतुर्थीला काकूंनी गल्ल्यावर बसावं आणि काकांनी आत कळ्या पाडाव्यात. परंपरा बुडणार नाही. फार तर मोदक फुटतील.