वारसनोंद

आमच्या शिरूरचे नाना म्हणजे निवृत्त तलाठी. डोळे घारे. कोकणस्थांच्या घरात या डोळ्यांना कुणी विचारलं नसतं, घोडनदीकाठी मात्र त्यांनी नानांना म्हातारपणी कामाला लावलं. झालं असं, की आजीच्या ट्रंकेच्या तळाशी एक पितळी बटण सापडलं. नानांनी ते चिंचेने घासलं, भिंगाखाली धरलं आणि जाहीर केलं, "हे तारांचं वाद्य बघा. हार्प! आयर्लंडचं चिन्ह. आमचा मूळपुरुष आयरिश कॅप्टन."

"आयरिश एक वेळ मानू. पण नाना, कॅप्टन कशावरून?"

"अहो, 1817 साली उभी राहिलेली पूना हॉर्स इथेच शिरूरला छावणी करून होती. त्या रिसाल्यात स्वार सगळे आपले, गोरा तेवढा अधिकारी. मग आमचा गोरा कोण असणार?"

तर्क बिनतोड. फक्त 'आमचा गोरा' तेवढा सिद्ध व्हायचा होता. कंपनीच्या फौजेत भरती झालेल्या गोऱ्या शिपायांत एके काळी जवळजवळ निम्मे आयरिश होते आणि ते बहुतेक पोटासाठी आलेले मजूर नि विणकर, हे मी सांगून पाहिलं. तलाठी असताना नाना खातेदाराचं ऐकून घ्यायचे, तसंच त्यांनी माझंही ऐकून घेतलं. म्हणजे पुढे काही झालं नाही.

खरी हरकत आली ती भीमेपलीकडून. दौंडला नानांचे चुलतभाऊ राहतात, आबा. रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. डोळे तेच, पूर्वज वेगळा.

"कॅप्टन कसला आलाय? फायरमन होता! 1878 ला दौंड-मनमाड लाइन सुरू झाली, तेव्हा इंजिनात कोळसा ओढायला आला. आपल्याकडे रविवारी इश्टू होतो, तो काय कॅप्टनने शिकवला? दौंडच्या अँग्लो-इंडियन चाळीतला तो."

"रेल्वेवाल्याला सगळं जग धुरातूनच दिसायचं," नाना म्हणाले.

"आणि तलाठ्याला साहेबाशिवाय पूर्वज चालायचा नाही."

तेव्हापासून घराण्यात दोन तट आहेत, घोडा आणि इंजिन. लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढप्याला आधी पक्ष विचारावा लागतो.

पुरावा शोधायचं काम नातवावर आलं. त्याने मोबाइलवर पाहून सांगितलं, "आजोबा, डब्लिनचा दप्तरखाना 1922 च्या यादवीत जळाला. 1821 ते 1851 च्या खानेसुमाऱ्या जवळजवळ सगळ्या गेल्या." मला वाटलं, नाना खचतील. पण दप्तराची किंमत तलाठ्याइतकी कुणाला कळते? नाना खुर्चीतून उठले. "दप्तर जळालं? म्हणजे आता कॅप्टन नव्हता हे कुणाचा बाप सिद्ध करणार!" मुंबई इलाख्यातल्या गोऱ्यांच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या नि दफनाच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत शाबूत आहेत, हेही नातवाने सांगितलं. त्यावर नाना घाईने म्हणाले, "तिकडे नको." तिथे फायरमन सापडायची भीती होती.

एक पुरावा मात्र ते स्वतःहून देतात. मालवण तालुक्यातलं वराड हे ज्यांच्या वडिलांचं मूळ गाव, ते लिओ वराडकर 2017 साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले. "बघा! त्यांनी आम्हाला कॅप्टन दिला, आपण त्यांना पंतप्रधान दिला. साटंलोटं आहे हे."

नानांना हसण्यात अर्थ नाही. आपल्याकडे ज्याचा त्याचा पणजोबा पानिपतावर गेलेला सरदारच असतो. मग हजारोंनी गेलेले ते बुणगे निपुत्रिक वारले की काय? स्वयंपाकाची भांडी वाहणाऱ्याचे वंशज आजवर मला भेटलेले नाहीत. जन्मभर साहेबांपुढे उभे राहिलेले नाना, निदान एक साहेब घरचा निघावा, एवढंच मागतात.

शिरूरला कर्नल वॉलेसची समाधी आहे. तो 1809 साली वारला. गावाने त्याला सत्पुरुष केला. सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य त्याला दाखवतात, अशी नोंद 1885 च्या गॅझेटियरमध्ये आहे. एका संध्याकाळी मी नानांना मुद्दाम तिथे नेलं. म्हटलं, "नाना, याला गावाने आपला मानला. वंशावळ मागितली का कुणी?"

नानांनी टोपी सारखी केली. "त्याला कशाला मागतील? तो कर्नल होता."

बटण सध्या नानांच्या देव्हाऱ्यात आहे. वारसनोंदीला आबांखेरीज आणखी एकाचीच हरकत आहे. मागच्या आळीतल्या बँडवाल्याचं म्हणणं, ते त्याच्या आजोबांच्या कोटाचं आहे. लग्नसराई आली की तो ते मागायला येतो.