पूरबोट पाळावी कशी? (नवशिक्यांसाठी)

कृष्णाकाठच्या गावाला बोट विकत घ्यावी लागत नाही. मोठा पूर येऊन गेला की ती आपसूक येते; हार पडतो, नारळ फुटतो, फोटो निघतो. मग पाहुणे जातात आणि बोट उरते.

आधी हात बसवायचा तर काहिलीवर बसवा. गुऱ्हाळातली काहील हे आपल्याकडचं सर्वांत जुनं आणि स्वस्त जलयान. तिला पुढंमागं नसल्यानं ती उलटी चाललीय की सुलटी, हा वादच नाही. देखभाल म्हणाल तर पूर ओसरला की घासायची आणि पुन्हा गुळाला लावायची. मात्र धारेत ती गरागरा फिरते आणि वल्हं कुठल्या बाजूनं मारायचं हे ठरेपर्यंत पुढचं गाव येतं. म्हणून फायबरची बोट.

ही बोट शाळेमागं उघडी टाकायची आणि तिच्यात कडबा भरायचा, अशी रीत आहे. रीत मोडायची असेल तर बोट ओंडक्यांवर उपडी घाला आणि वर ताडपत्री टाका. उन्हानं फायबर पांढरं पडतं, बारीक चिरा जातात. चीर दिसली की एम-सील थापून हात झटकू नका. पॉलिश पेपरनं घासा, पूर्ण वाळू द्या, मग ग्लास मॅटचे थर रेझिनमध्ये भिजवून बसवा. हार्डनर मापानं घाला. ‘असू दे जरा जास्त’ म्हणून ओतलात तर डबा हातातच तापतो आणि ब्रश कायमचा आत राहतो. आणि बोटीच्या तळाचं बूच! ते पोरांनी खेळायला नेलेलं असतं. नवं आणून दोरीनं बांधून टाका.

खरा नखरा मशीनचा. ते टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं. प्रमाण पुस्तिकेत असतं, पुस्तिका माजी सरपंचांकडे असते. ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली. गेल्या पावसाळ्यातलं पेट्रोल टाकीत तसंच असेल तर ते कार्बोरेटरमध्ये चिकट होऊन बसलंय असं धरून चाला. मग दोरी ओढून ओढून तालमीतला गडीसुद्धा थकतो. मशीन कोरडं कधीच चालवू नका, पाणी खेचणारं आतलं रबरी चक्र जळतं. पाण्यानं भरलेल्या पिंपात उभं करून चालवा आणि मागून पाण्याची धार पडते का बघा. धार नाही तर लगेच बंद. पुरात आपली बोट नदीतून कमी आणि उसावरून जास्त जाते. पंख्याला पाला, जलपर्णी, ठिबकच्या नळ्या गुंडाळतात. कोयता जवळ ठेवा, पण मशीन बंद केल्याशिवाय पंख्याला हात लावू नका. वरच्या विजेच्या ताराही पुरात डोक्याला लागतील इतक्या खाली आलेल्या असतात.

सुधारणांमध्ये पहिला मान रेडियमच्या ‘सौजन्य’ अक्षरांना मिळतो. ती हवी तेवढी मोठी काढा. फक्त बोटीत किती माणसं बसवायची तो आकडा त्यांच्याखाली झाकू नका. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून सुटकेसाठी निघालेली बोट उलटली आणि गावची माणसं बुडाली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. आकडा भरला की पुढच्या माणसाला हात जोडून थांबवायचं, मग तो सख्खा चुलता का असेना. लाइफ जॅकेटं उशाला घेण्यासाठी नाहीत. उंदरांनी कुरतडलीत का, पट्टे धडाचे आहेत का, हे उन्हाळ्यात एकदा अंगात घालून, पोहणाऱ्यांना सोबत घेऊन विहिरीत बघा.

वर साताऱ्याकडे तापोळा-बामणोलीला कोयनेच्या शिवसागरात बोटी एरवीही चालतात, त्यामुळं कुठलं मशीन खोकतंय हे चालवणाऱ्याला बसल्या जागी कळतं. आपल्या बोटीला मात्र सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांची इशारा पातळी ओलांडून ४५ च्या धोक्याकडे निघाल्यावरच हाक जाते. २०१९ ला ते ५७ फुटांवर गेलं होतं. थोडक्यात, बोट पुरात नाही, वर्षभर कोरडी पडून मरते. मे महिन्यात निदान एका रविवारी तिला नदीत घाला, दोन-चार पोरांना मशीन चालवायला शिकवा. मशीन आणि जॅकेटं ठेवलेल्या गोदामाची चावी कुणाकडे असते ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. आणि तो माणूस ऐन पुरात पाहुण्यांच्या गावाला गेला असेल, तर सरळ कुलूप फोडा.