आत काय घालायचं, बाहेर काय येतं

संगणक शिकायला बसणाऱ्याने एक गोष्ट आधीच मान्य करून टाकावी. आपल्याला काय म्हणायचंय ते संगणकाला कळत नाही, आपण काय दाबलं एवढंच कळतं. संसारात मुरलेल्या माणसाला हे जड जातं. घरात नुसतं “अगं, ते कुठंय?” विचारलं तरी चष्मा हातात येतो. इथे ‘ते’ नावाचं बटण नाही.

शाळेच्या पुस्तकात या विषयाचे दोन रकाने असतात. डावीकडे इनपुट: कीबोर्ड, माउस, स्कॅनर. उजवीकडे आउटपुट: मॉनिटर, प्रिंटर, स्पीकर. मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवली किंवा घाटकोपर-मुलुंड पट्ट्यात राहणाऱ्यांनी मध्ये तिसरा रकाना आखून घ्यावा आणि त्यावर ‘मधला माणूस’ असं लिहावं. झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा, तिकीट मशीनपाशी उभे असलेले काका, सुट्टीत आलेला नातू हे सगळे या रकान्यात. अभ्यासक्रमात त्यांचा उल्लेख नाही. त्यांच्याशिवाय उरलेले दोन रकाने चालतही नाहीत.

कीबोर्ड

कीबोर्डवर शंभराहून अधिक बटणं असतात. त्यांतली वीस-पंचवीस लागतात, बाकीची चुकून दाबली जातात. प्रत्येक बटणापासून एकेक तार निघत असेल अशी तुमची समजूत असेल तर ती सोडा. साधा कीबोर्ड खोलला की आत प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे निघतात. त्यांवर वीज वाहून नेणाऱ्या शाईने आडव्या-उभ्या रेघांची जाळी छापलेली असते. बटण दाबलं की खालची रबराची टोपी बसते आणि वरच्या पापुद्र्यावरची रेघ खालच्या रेघेला टेकते. आतली चिप दर सेकंदाला शेकडो वेळा एकेका ओळीची हजेरी घेत असते. कुठली आडवी कुठल्या उभीला भेटली हे तिला समजतं आणि ती त्या जागेचा नंबर पुढे पाठवते. ‘क’ पाठवत नाही, फक्त नंबर पाठवते. त्या नंबराचा ‘क’ करायचा की इंग्रजी ‘के’, हे संगणक मागाहून ठरवतो. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात कुठली भाषा निवडली आहे ते न बघता सोसायटीच्या सेक्रेटरींना खरमरीत पत्र लिहू नये. पानभर भुसा पडतो आणि पाण्याच्या टाकीचा प्रश्न तिथेच राहतो.

टाइपरायटरवर हात बसलेल्यांनी विशेष काळजी घ्यावी. विक्रोळीवाल्या गोदरेजने १९५५ साली पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. त्यानंतरच्या दोन पिढ्या मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांच्या परीक्षा देऊन सरकारी नोकरीत चिकटल्या. त्या यंत्रात जोराला किंमत होती, कार्बन लावून चार प्रती काढायच्या तर बोटात दम हवा. कीबोर्डला तुमच्या जोराचं काही नाही, तो वेळ मोजतो. बोट अर्ध्या सेकंदाहून जास्त रेंगाळलं की त्याला वाटतं, यांना हेच अक्षर पुन्हा पुन्हा हवंय. मग ‘आपलाााााा नम्र’ अशी लांबच लांब नम्रता छापून येते.

खरी गंमत ऱ्हस्व वेलांटीची आहे. टाइपरायटरवर ‘विक्रोळी’ लिहिताना आधी वेलांटी मारायची आणि मग ‘व’, कारण कागदावर डावीकडे जे दिसतं ते आधी उमटलं पाहिजे. सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवलेल्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर उलट आहे. तिथे उच्चाराचा क्रम चालतो, आधी ‘व’, मग वेलांटी. पडद्यावर ‘व’ उमटतो, तुम्ही वेलांटी दाबता आणि ती टुणकन उडी मारून ‘व’च्या अलीकडे जाऊन बसते. मंत्रालयातून निवृत्त झालेला टंकलेखक हे पहिल्यांदा बघतो तेव्हा मशीन बिघडलंय असं समजून थेट स्वीच बंद करतो. बिघडलेलं काही नाही. संगणकाच्या पोटात ‘व’ आधीच आहे आणि वेलांटी नंतरच आहे. दाखवताना तेवढी जागा बदलते. इनपुटचा क्रम वेगळा आणि आउटपुटचा वेगळा हे एवढ्याशा वेलांटीत जितकं स्वच्छ दिसतं, तितकं क्लासच्या जाडजूड पुस्तकात दिसत नाही.

दाखवण्याच्या कामात उपनगरांचा वाटा मोठा आहे, हे नवशिक्यांना कोणी सांगत नाही. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं मराठी ज्या ‘मंगल’ फॉन्टमध्ये दिसली, तो सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. ते पवईच्या आयआयटीत, औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवत. त्याच केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने मोबाइलसाठी ‘स्वरचक्र’ कीबोर्ड केला. त्यात ‘क’वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं. बाराखडी पाठ केलेल्या आज्यांना ते नातवाआधी जमतं. ‘दुसऱ्या’मधला तो ‘ऱ्य’ कसा काढायचा हे मात्र जमलेल्यांनी इतरांना सांगून ठेवावं. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’ दाबायचं, मग हलन्त, मग ‘य’. एवढं केलं नाही, तर आचाऱ्यांसाठी काढलेली सूचना आचार्यांच्या नावाने लागते.

माउस

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जुन्या माउसच्या पोटात रबर चढवलेली गोळी असे. ती घरंगळताना दोन रूळ फिरवी आणि वाटेतला कचरा गोळा करी. आताच्या माउसखाली लाल दिवा आणि इवलासा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारावर फोटो काढतो आणि आधीच्या फोटोच्या तुलनेत आपण किती सरकलो ते ताडतो. काचेवर त्याला खुणा सापडत नाहीत. आपल्याकडे टेबलावर काच टाकून तिच्याखाली गणपतीचा फोटो, वीजबिल आणि सुनेचं व्हिजिटिंग कार्ड ठेवण्याची पद्धत आहे. बाण अडखळू लागला तर माउस बदलू नका. खाली वर्तमानपत्राची घडी टाका.

स्टेशन

प्रात्यक्षिकासाठी आपल्याकडे स्टेशनसारखी प्रयोगशाळा नाही. एटीव्हीएम, म्हणजे तिकीट देणारं मशीन, हे इनपुट आणि आउटपुट दोन्ही आहे. स्मार्टकार्ड खाचेत ठेवा. कार्डात बॅटरी नसते. आत तारेचं बारीक वेटोळं आणि चिप असते. मशीनमधल्या वेटोळ्याचं चुंबकीय क्षेत्र त्याला वीज पुरवतं, तेवढ्यात ते शिल्लक सांगतं आणि नवी शिल्लक लिहूनही घेतं. म्हणून तिकीट बाहेर पडेपर्यंत कार्ड उचलायचं नाही. मागचा माणूस “काका, जरा पटापट” म्हणाला तरी नाही.

हे सगळं शिकून तुम्ही अंधेरीला मशीनपाशी जाता, तर तिथे मदतनीस उभे. बहुधा रेल्वेतूनच निवृत्त झालेले, तिकिटामागे कमिशन मिळवणारे. यांना फक्त “एक चर्चगेट रिटर्न” एवढं सांगायचं आणि नोट पुढे करायची. त्यांची बोटं पडद्यावर न बघता फिरतात, तुमचं वाक्य संपायच्या आत तिकीट बाहेर येतं. स्पर्शाने चालणारा पडदा, त्याला तोंडाने आज्ञा देणारा प्रवासी आणि मध्ये एक जिवंत दुभाषा अशी ही व्यवस्था आहे. मी तिच्यावर टीका करणार नाही. सकाळी साडेआठला तिच्यापेक्षा वेगवान काही मी पाहिलेलं नाही.

मोबाइलवर कागदविरहित तिकीट काढणाऱ्यांना दुसरं कोडं भेटतं. रुळांपासून ठरावीक अंतर लांब असल्याशिवाय ते तिकीट निघत नाही, नाहीतर टीसी दिसल्यावरच लोक ते काढतील. म्हणजे इथे तुमचं बोट हे इनपुट पुरेसं नाही. तुम्ही कुठे उभे आहात हेही इनपुट आहे, आणि ते उपग्रहांकडून येतं. मग पुलाच्या पत्र्याखाली उभा राहून एखादा गृहस्थ फोन डोळ्यांसमोर धरून एकेक पाऊल मागे जाताना दिसतो. तो वेडा नाही. पत्र्यामुळे सिग्नल वेडेवाकडे येतायत, आणि वडापावच्या गाडीपर्यंत मागे सरकल्यावर फोनची खात्री पटेल.

सगळ्यात मोठं इनपुट साधन मात्र तुमच्या समोर खडीवर पसरलेलं असतं आणि कोणाचं लक्ष जात नाही. रुळांच्या ठरावीक तुकड्यांतून हलका विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडी त्या तुकड्यावर आली की तिची लोखंडी चाकं आणि आस दोन्ही रूळ एकमेकांना जोडतात, प्रवाह मधूनच वळतो, पलीकडचा रिले नावाचा विजेचा खटका पडतो. ‘इथे गाडी आहे’ अशी नोंद झाली, मागचा सिग्नल लाल झाला. कीबोर्डमध्ये वरची रेघ खालच्या रेघेला टेकते ना, तेच काम इथे बारा डब्यांची बोरिवली स्लो करते. काही ठिकाणी चाकांचे आस मोजणारी यंत्रंही आली आहेत. पण जिथे जुनी पद्धत आहे तिथे जुलैत रुळांवर पाणी साचलं की पाण्यातूनही प्रवाह झिरपतो आणि यंत्रणेला वाटतं, गाडी उभी आहे. शंका आली की लाल, असाच तिचा नियम आहे, कारण उलटी चूक माणसं मारते. कुर्ल्याला पाणी भरलं की मुलुंडला उभं राहून शिव्या घालण्यापूर्वी हे आठवावं. आठवून झाल्यावर घालायला हरकत नाही.

या सगळ्याचं आउटपुट म्हणजे इंडिकेटर. त्यावर शेवटचं स्टेशन, स्लो की फास्ट, डबे किती आणि किती मिनिटांत येणार हे दिसतं. मिनिटं म्हणजे अंदाज, वचन नव्हे. इथेही सराईत प्रवासी इंडिकेटरकडे एकदा बघतो आणि मग शेजाऱ्याला विचारतो, “दादा, हीच ना बोरिवली स्लो?” शेजारी मान हलवतो. ती मान ग्राह्य धरली जाते.

प्रिंटर

घरी घेऊ नका. महिन्यात दोन पानं काढणाऱ्याच्या प्रिंटरची शाई नळीच्या तोंडाशी सुकते आणि नवं कार्ट्रिज घेताना डोळे पांढरे होतात. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा. त्याच्या मशीनमध्ये शाई ओली नसतेच. ड्रमवर विजेचा भार बसतो, उजेड पडेल तिथून तो जातो, भाराच्या या फरकामुळे हव्या त्या जागी काळी पूड चिकटते आणि मग उष्णतेने ती कागदात वितळते. पान हातात गरम येतं ते त्यामुळे. पावसाळ्यात कागद दमट होऊन वळतो आणि मशीनमध्ये अडकतो. तो पोरगा गठ्ठा हातावर आपटतो, पत्त्यांसारखा फुलवतो आणि पुन्हा ठेवतो. दुरुस्तीची ही पद्धत कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही आणि ती लागू पडते.

एटीएमची पावती, चेकनाक्यावरच्या पेट्रोलपंपाची पावती यांत तर शाईच नसते. कागदालाच रसायनाचा लेप असतो आणि गरम झाला की तो काळा पडतो. उजेड आणि उष्म्याने पावतीवरचे आकडे फिके होत जातात. पुढेमागे लागेल असं वाटत असेल तर तिचीही झेरॉक्स काढून ठेवा.

बोट

शेवटचं इनपुट साधन तुम्ही स्वतः आहात. पेन्शनरांनी नोव्हेंबरात आपण हयात असल्याचं कळवायचं असतं. १० नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ योजनेत हे संगणकावरून करता येतं. काचेवर बोट ठेवायचं. खालून उजेड पडतो. बोटाचे कंगोरे काचेला जिथे टेकलेले असतात तिथे तो वेगळा परततो, मधल्या खाचांत वेगळा, आणि त्यातून ठशाचं चित्र तयार होतं. कंगोरे कुठे संपतात, कुठे दुभंगतात, एवढंच यंत्र टिपतं आणि आधारमधल्या नोंदीशी ताडून बघतं.

अडचण अशी की वयाने कातडी सुकते आणि आयुष्यभर भांडी-धुणी केलेल्या बोटांवर कंगोरे उरतातच किती? काचेला बोट नीट टेकतच नाही. “जुळलं नाही,” असं पडद्यावर तिसऱ्यांदा आलं की केंद्रातली मुलगी म्हणते, “आजी, बोट जरा कपाळावर घासा.” आजी घासतात. कपाळाचा तेलकटपणा बोटाला लागतो, काचेशी संपर्क सुधारतो आणि ठसा जुळतो. ही युक्ती त्या मुलीला कोणी शिकवली हे विचारलं, तर ती म्हणते, “सगळे करतात.”

२०२१ पासून चेहरा दाखवूनही हे होतं. फोन समोर धरायचा, गोलात चेहरा आणायचा आणि सांगितलं की पापण्या मिटून उघडायच्या. फोटो समोर धरून कोणी फसवू नये म्हणून ही अट, कारण फोटो पापणी लववत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेले काका डोळे ताणून बघत बसतात आणि फोन त्यांच्या लवण्याची वाट बघतो. अशा वेळी शेजारी बसलेल्याने हळूच चुटकी वाजवावी.

मग मोबाइलवर संदेश येतो, प्रमाणपत्राचा क्रमांक येतो. तुम्ही जिवंत आहात. बँकेत कागद न्यायची गरज नाही, प्रमाणपत्र थेट तिकडे पोचतं, योजनेचा उद्देशच तो. तरीही झेरॉक्सवाल्याकडून दोन प्रती काढून घ्या.